टू-स्ट्रोक मोपेड सकाळी चालू होत नाही, झालीच तर भडभडते: कुठून बघायला सुरुवात करायची

आधी हे ठरवा की तुमची गाडी यातलं नेमकं काय करते:

– रात्रभर उभी राहिली की सकाळी चोक ओढून किका मारल्या तरी दाद देत नाही. एकदा पेटली की मग दिवसभर कुरकुर नाही.
– थंड असताना पहिल्या-दुसऱ्या किकला चालू, पण बाजारात दहा मिनिटं उभी केली की पुन्हा पेटत नाही.
– चालू होते, पण रेस सोडली की लगेच बंद.
– स्लोवर बरी असते, रेस दिली की अडखळते. मागे दुधाचे कॅन असले की चढावर दम सोडते.
– चार-पाच किलोमीटर चालून गपकन बंद पडते. थोडा वेळ थांबलं की जणू काही झालंच नाही अशी चालू.
– रेस सोडली तरी इंजिन ओरडतच राहतं, खाली यायला वेळ लावते.

ही सगळी लक्षणं ‘गाडी नीट चालत नाही’ एवढ्याच शब्दांत सांगितली, की समोरचा मिस्त्री आधी प्लग बदलतो, मग कॉइल (स्पार्कसाठी वीज देणारी), मग कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा), आणि बिल वाढत जातं. त्रास थंड असताना की गरम असताना, स्लोवर की रेसवर, एवढं नक्की केलंत तरी निम्म्या तपासण्या वाचतात.

हे सगळं कार्बोरेटर असलेल्या टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या, मोपेडबद्दल आहे: १९७२ पासून रस्त्यावर आलेली पायडलवाली लुना आणि तिची भावंडं, टीव्हीएस ५०, एक्सएल सुपर. खेड्यात यातल्या पुष्कळ अजून चालतात. एक्सएल १०० फोर-स्ट्रोक आहे, तिला पेट्रोल, प्लग आणि एअर फिल्टरपर्यंतचं लागू पडेल. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या) एक्सएल १०० मध्ये कार्बोरेटरच नाही, तिथे इंजेक्शन आहे. तिच्यासाठी इथे काही नाही.

सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगतो. एका वेळी एकच काहीतरी बदला आणि किक मारून बघा, नाहीतर कशाने बरी झाली ते कळणार नाही. दुसरं, कार्बोरेटरचे स्क्रू आधी फिरवू नका. गाडी बिघडली की पहिला हात तिथेच जातो. मग मूळ बिघाड बाजूला राहतो आणि त्यात सेटिंग चुकल्याचा नवा बिघाड मिसळतो.

पेट्रोल

यात खर्च काहीच नाही, म्हणून इथून सुरू करायचं. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू आहे का, रिझर्व्हवर टाकून फरक पडतो का, ते बघा. मग कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत धरा. धार सलग आली पाहिजे. आधी धार आणि मग थेंब-थेंब झालं, तर टाकीचं झाकण उघडा. उघडल्यावर धार परत सुरू झाली, तर झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलंय. टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा आत यावी लागते. ती आली नाही की काही किलोमीटरवर गाडी बंद पडते आणि थोड्या वेळाने आपोआप चालू होते. वरच्या यादीतल्या पाचव्या लक्षणाचं सगळ्यात स्वस्त कारण हेच. भोक सुईने मोकळं करा, झालं. झाकण उघडूनही धार बारीकच असेल, तर कॉकची जाळी काढून धुवा.

पेट्रोल किती जुनं आहे तेही बघा. पावसाळाभर पडवीत ताडपत्रीखाली झाकलेल्या गाडीतलं पेट्रोल वासावरूनच कळतं. ताज्या पेट्रोलचा झणका जाऊन आंबूस, रंगासारखा वास येतो. असं पेट्रोल लवकर वाफ धरत नाही, म्हणून थंड इंजिन पेटत नाही. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळं बसतं. टू-स्ट्रोकमध्ये हे फार वाईट, कारण ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं आणि कॉकमधून आधी जातो तो तळाचा बिनऑइलचा थर. काचेच्या बाटलीत अर्धा ग्लासभर पेट्रोल काढून उन्हात धरा. तळाशी वेगळा थर किंवा सरकणारे गोळे दिसले, तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करा. त्या पेट्रोलवर आणखी किका मारू नका. शिवाय जुन्या रबरी नळ्या या पेट्रोलने फुगतात, चिकट होतात, आतून सालं सुटतात. नळी वाकवल्यावर चिरा दिसल्या तर नवी घाला.

ऑइलचं म्हणाल तर गाडीच्या पुस्तकात असेल तेच प्रमाण. साधारण लिटरला २० मिलीपासून, जुन्या इंजिनांना ४० मिलीपर्यंत, आणि तेही टूटी (टू-स्ट्रोकसाठीचं) ऑइलच. ट्रॅक्टरमधून उरलेलं ऑइल ‘तेवढंच वापरलं’ म्हणून ओतणारे आहेत. ते फोर-स्ट्रोकचं ऑइल जळताना राख सोडतं, प्लग मारतं आणि सायलेन्सर भरतं. रिकाम्या टाकीत आधी ऑइल आणि वर पेट्रोल ओतून न हलवता निघालात, तर ऑइल थेट कॉकमध्ये जाऊन बसतं. मग सकाळी गाडी चालू होत नाही यात नवल नाही. डब्यात मिसळून, हलवून मग टाकीत ओता.

प्लग

सगळ्या तपासण्यांत इतकं बोलणारी दुसरी नाही, म्हणून जरा सावकाश.

प्लग काढण्याआधी त्याच्या भोवतीची माती फुंकून टाका, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. नुसत्या स्लोवर चालवून काढलेल्या प्लगचा रंग फसवतो. गाडी चालू होत असेल तर चढावर ओढत असतानाच स्विच बंद करा, तिथेच थांबा आणि जरा निवल्यावर प्लग काढा. आता बघा:

चहाच्या रंगासारखा तपकिरी, कोरडा: इंजिन आत ठीक जळतंय. तक्रार दुसरीकडे शोधा.

काळा आणि ओला: पेट्रोल जास्त किंवा स्पार्क कमी. चोक अडकलेला, कार्बोरेटर ओव्हरफ्लो, एअर फिल्टर गच्च, ऑइल जास्त, यातलं काही.

काळा पण कोरडा, हाताला काजळी: पेट्रोल जास्त जातंय. ऑइल मात्र बेताचं आहे.

पूर्ण कोरडा आणि गाडी चालूच होत नाही: पेट्रोल पोचतच नाही.

पांढराफटक: पेट्रोल कमी, हवा जास्त. हे सोडून देऊ नका. ऑइल पेट्रोलबरोबरच जातं, म्हणजे पेट्रोल कमी तर ऑइलही कमी. अशी गाडी ओढत राहिलात तर पिस्टन सीझ होतो, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकतो.

प्लगच्या टोकाच्या चिनी मातीवर चमकणारे बारीक राखाडी कण दिसले, तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. गाडी तिथेच थांबवा.

टू-स्ट्रोकमध्ये आणखी एक गंमत होते. प्लगच्या दोन टोकांच्या मधे कार्बनचा केसाएवढा पूल तयार होतो. चालती गाडी झटकन बंद होते आणि प्लग लांबून बघितला तर चांगला दिसतो. उजेडाकडे धरून फट बघा. नखाने तो कण निघाला की गाडी चालू. फट साधारण ०.६ मिमी ठेवा, पुस्तकात वेगळी असेल तर ती. पॉलिश पेपरने घासलेला प्लग काही दिवस चालतो, पण त्याच्यावर निदान करू नका. उघड्या हवेत स्पार्क देणारा प्लग सिलिंडरमधल्या दाबाखाली दगा देऊ शकतो. म्हणून पुस्तकातल्याच नंबरचा नवा प्लग टाकून एकदा बघायचं. शंका मिटते, आणि काही नाही निघालं तरी प्लग वाया जात नाही.

घालताना आधी हाताने आटे बसवा. नवा असेल तर वॉशर टेकल्यावर पान्याने अर्धा फेरा पुरे. हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले की दहा मिनिटांचं काम दोन दिवसांचं होतं.

स्पार्क

प्लग टोपीत घालून त्याची बॉडी हेडच्या धातूला घट्ट टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब. भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ती पेटू शकते. टाकीचं झाकण लावलेलं, कॉक बंद, आसपास सांडलेलं पेट्रोल पुसलेलं हवं. प्लग हवेत लटकवून किका मारू नका. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत कॉइल जायला तेवढं पुरतं.

निळसर-पांढरा, टक् आवाज करणारा स्पार्क हवा. पिवळा, बारीक, कधी आहे कधी नाही असा असेल तर आधी टोपी फिरवून काढा, वायरचं टोक पाच-सहा मिलिमीटर कापून ताज्या तांब्यावर परत बसवा. पावसाळ्यात निम्म्या तक्रारी इथेच निघतात, टोपीत ओल शिरते. तरी स्पार्क नाही, तर बंद करण्याच्या बटणाकडे जाणारी वायर सोडवून बघा. ती कुठेतरी घासून चेसीला टेकली, की गाडीला वाटतं तुम्ही कायम बंदचं बटण दाबून धरलंय. वायर सोडल्यावर गाडी चालू झाली तर ती चोकनेच बंद करावी लागेल, हे आधी लक्षात ठेवा.

‘गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू’ ही तक्रार असेल, तर घरी थंड गाडीवर स्पार्क बघून उपयोग नाही. प्लग पाना बरोबर ठेवा आणि रस्त्यात बंद पडली की त्याच क्षणी बघा. तेव्हा स्पार्क नसेल आणि थंड झाल्यावर परत आला, तर कॉइल किंवा सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा डबा) गरम झाल्यावर मरतंय. स्पार्क चांगला असेल, तर शोध पेट्रोलकडे वळवा.

हवा

एअर फिल्टर. फोमचा असेल तर साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, वाळवा, दोन थेंब ऑइल चोळून पिळून बसवा. सुगीच्या दिवसांत धुळीच्या रस्त्यावर तो फार लवकर भरतो. फिल्टर काढून ठेवल्यावर गाडी ‘छान चालते’ म्हणून तसंच फिरवू नका. ती धूळ पिस्टनच्या रिंगा खाते.

मग कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधला जोड. नट सैल, पॅकिंग फाटलेलं किंवा रबर चिरलेलं असेल तर तिथून जादा हवा शिरते. गाडी स्लोवर ठेवून त्या जोडाभोवती ब्रशने थोडं टूटी ऑइल लावा. इंजिनचा आवाज बदलला तर गळती तिथेच आहे. रेस सोडल्यावरही ओरडणाऱ्या गाडीत आधी रेसची केबल अडकत नाही ना ते बघायचं, मग हा जोड.

कार्बोरेटर

आता कुठे हात लावायचा. कॉक चालू करून पाच मिनिटं थांबा. खालच्या नळीतून पेट्रोल ठिबकायला लागलं तर फ्लोटची (वाटीतल्या तरंगत्या भागाची) पेट्रोल थांबवणारी सुई बसत नाही. स्टँडवर कॉक चालू ठेवून उभ्या गाडीत मग इंजिनमध्ये पेट्रोल साठतं आणि गरम असताना ती मुळीच पेटत नाही. अशा वेळी कॉक बंद, स्विच बंद, प्लग बाहेर काढून टोपीत घातलेला आणि भोकापासून लांब धातूला टेकवलेला, रेस पूर्ण उघडी ठेवून थोड्या किका मारा, म्हणजे आतलं पेट्रोल बाहेर पडेल. दहा मिनिटांनी कोरडा प्लग घाला.

खालची वाटी उघडली की तळ बघा. पाण्याचे गोल थेंब, गंजाचा चिखल, हिरवट थर, काहीही असू शकतं. स्लोवर टिकत नसेल तर बारीक जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) बुजलंय, रेसवर अडखळत असेल तर मोठं. दोन्ही काढून उजेडाकडे धरा, भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे आणि पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची हवा हे सगळ्यात चांगलं. नसेल तर वायरीतली तांब्याची एक बारीक तार चालते. पोलादी सुई नको. भोक केसभर मोठं झालं की ते जेट टाकून द्यावं लागतं. फ्लोट कानाजवळ हलवून बघा, आत पेट्रोल खुळखुळलं तर तो फुटलाय.

हवेचा स्क्रू असेल, तर काढण्याआधी हलकेच आत टेकेपर्यंत किती फेरे जातात ते मोजून लिहून ठेवा. आकडा हरवला तर दीड फेरा बाहेर ठेवून सुरुवात करता येते. आणि सेटिंग करायचं ते गरम इंजिनवर.

इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. टू-स्ट्रोक इंजिन स्लोवर, ओझं नसताना, जरा अनियमित पडपडतंच. ते घड्याळासारखं चालावं म्हणून पेट्रोल कमी करत गेलात, तर स्लो सुंदर होतो आणि चढावर पिस्टन जातो.

सायलेन्सर

सगळं तपासून झालंय, स्पार्क चांगला, कार्बोरेटर स्वच्छ, तरी गाडी ओढत नाही, चालू होऊन घुसमटून बंद पडते. बहुतेक वेळा लोक इथे रिंगा बदलायला निघतात. थांबा. टू-स्ट्रोकच्या धुरात न जळलेलं ऑइल असतं, ते सायलेन्सरच्या आतल्या जाळीत आणि सिलिंडरच्या धुराच्या तोंडाशी डांबरासारखं बसतं. जुना धूर बाहेर पडला नाही तर नवं मिश्रण आत येणार कुठून?

तपासणी सोपी आहे. सायलेन्सर सिलिंडरला जोडतो तिथले नट थोडे सैल करून बोटभर फट पाडा आणि गाडी चालू करा. आवाज प्रचंड होईल, हात लांब ठेवा, अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त चालवू नका. रेस एकदम मोकळी चढली तर सायलेन्सर जाम आहे. असं निघालं की इंजिन उघडण्याचा खर्च वाचतो.

आतली नळी निघत असेल तर काढून खरवडा. निघत नसेल तर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवतात, पण फक्त लोखंडी सायलेन्सर. ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातो. हातमोजे, चष्मा, आणि पाण्यात सोडा घालायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. धुराच्या तोंडातला कार्बन काढताना पिस्टन वर आणून ते तोंड झाका, म्हणजे खपल्या आत पडणार नाहीत, आणि लाकडाच्या काडीने खरवडा. स्क्रू-ड्रायव्हरने पिस्टनवर ओरखडे पडतात. बसवताना नवं पॅकिंग.

मॅग्नेटो

मॅग्नेटो म्हणजे इंजिनवरचं वीज तयार करणारं चक्र. जुन्या लुना आणि टीव्हीएस ५० मध्ये चक्राच्या आत पॉइंट (उघडझाप करून स्पार्क पाडणारे संपर्क) असतात. चक्राच्या खिडकीतून दिसतात. पूर्ण उघडल्यावर फट साधारण ०.४ मिमी. फट कमी-जास्त झाली की स्पार्कची वेळही सरकते, म्हणून गाडी उलटी किक देते किंवा भडभडते. बारीक पॉलिश पेपर फिरवा, मग साधा कोरा कागद ओढून कचरा आणि ऑइल पुसा. काही दिवसांतच पॉइंट परत जळून खड्डे पडले तर पॉइंटना जळण्यापासून वाचवणारा कंडेन्सर गेला आहे.

चक्र काढायची वेळ आली तर पुलर (चक्र ओढून काढायचं हत्यार) लागतो. हातोडा मारून काढलेल्या चक्राने क्रँकचं (पिस्टन फिरवतो त्या दांड्याचं) टोक आणि आटे दोन्ही बिघडतात. पुलर नसेल तर इथे थांबा. सीडीआय किंवा कॉइलवर संशय असेल तर विकत घेण्याआधी मिस्त्रीकडची चालू कॉइल लावून बघा. इलेक्ट्रिकचे पार्ट दुकानदार परत घेत नाही.

इथून पुढे मिस्त्री

हाताने किक दाबून बघा. दाब लागत नाही, किक सरळ खाली जाते? प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघा. दाब वाढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) झिजलाय. न वाढल्यास हेडचं पॅकिंग गेलेलं असू शकतं.

क्रँकचं ऑइल सील गेल्याचं ओळखता येतं, पण ते काम घरी करायचं नाही. मॅग्नेटोच्या बाजूचं गेलं तर तिथून हवा शिरते: प्लग पांढरा, रेस खाली येत नाही, कार्बोरेटर कितीही सेट करा फरक नाही. क्लचच्या बाजूला ऑइल असलेल्या गाडीत त्या बाजूचं सील गेलं, तर धूर दाट होतो आणि तिथलं ऑइल गळती न दिसता कमी होत जातं.

सील, क्रँकचं बेअरिंग, खालून येणारा ठोकल्यासारखा आवाज, एकदा सीझ झालेला पिस्टन, प्लगवर धातूचे कण, यांतलं काहीही असेल तर पाना खाली ठेवा. गाडी ढकलत न्या, चालवत नेऊ नका. केस उघडायला वेगळी हत्यारं लागतात आणि बोअर लेथवाल्याकडे मोजून घ्यावा लागतो. नुसत्या नव्या रिंगा झिजलेल्या बोअरमध्ये घालणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

मिस्त्रीकडे जाताना काढलेला प्लग कागदात गुंडाळून न्या, तो पुसू नका. थंड की गरम, स्लो की रेस, काय-काय बदलून झालं ते सांगा. बदललेला पिस्टन आणि सील परत मागून घ्या. बोअरिंग करून आणलेली गाडी पहिले ५०० किलोमीटर अर्ध्या रेसवर, मागे ओझं न घालता आणि मिस्त्री सांगेल तेवढं ऑइल जास्त घालून चालवायची.